पुढचं तुम्हाला कळेलच!

अंतरवाली सराटी हे नाव २०२३च्या ऑगस्टपर्यंत जालना जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. अंबड तालुक्यातलं, धुळे–सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीजवळचं हे गाव. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गाव एका रात्रीत देशाच्या बातम्यांत आलं. त्या आंदोलनाचं राजकारण हा इथला विषय नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते थकण्याची चिन्हं नाहीत. इथला विषय आहे तो त्यानंतर मराठवाड्याच्या घराघरांत शिरलेल्या कागदांचा. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी कागदांत कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला. ज्यांनी रेशनकार्डापलीकडे कागद कधी मनावर घेतला नव्हता, ती माणसं पारावर बसून खासरा, वंशावळ आणि शपथपत्र यांवर तज्ज्ञासारखी बोलू लागली.

या शपथपत्राचा नमुना ज्याने पाहिला आहे, त्याला टिंबांची ओळख वेगळी करून द्यायला नको. ‘मी ........, वय ...., धंदा ........, रा. ........, ता. ........, जि. ........’ असा तो सुरू होतो. अर्ध्याहून जास्त मजकूर टिंबांचाच. तरीही गावाकडच्या माणसाचं त्यापायी अडत नाही, कारण सरकारी टिंबांना एक रीत असते. टिंबांच्या अलीकडे ‘वय’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे कुणी जिल्हा लिहीत नाही. ‘लागू नसेल ते खोडावे’ अशी सूचना असते. आणि एवढ्यानेही भागलं नाही, तर तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसलेला अर्जनवीस असतो. तो एक भरलेला कागद समोर धरतो आणि सांगतो, “असं लिहा, फक्त नाव तुमचं टाका.” सरकारी कामाला नावं ठेवणं हा मराठी माणसाचा आवडता उद्योग आहे, पण अर्धवट नमुना देऊन माणसाला वाऱ्यावर सोडायचं असेल, तर त्या कलेत सरकार संगणकवाल्यांच्या पासंगालाही पुरणार नाही.

याच परिसरातल्या कुठल्याही गावातला, बारावी सायन्स झालेला एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. छत्रपती संभाजीनगरहून आणलेला जुना लॅपटॉप, मोबाइलचं हॉटस्पॉट, आणि वडिलांची मोसंबीची बाग. कुणीतरी सांगितलं, पायथन शीक, सोपं आहे. ते खरंही आहे. मुलाला वाटलं, आठवडाभराचे मोसंबीचे भाव टाकावेत आणि सरासरी काढावी. त्याने माहितीपुस्तिका उघडली, सरासरीचं उदाहरण सापडलं, अवघ्या दोन ओळींचं. एका ओळीत आकडे, दुसऱ्या ओळीत ‘एनपी डॉट मीन’. त्याने ते जसंच्या तसं उतरवलं. संगणक म्हणाला, ‘एनपी’ नावाचं काही आमच्या माहितीत नाही.

‘एनपी’ म्हणजे नमपाय. पायथनमध्ये आकड्यांची मोठी कामं करणारं हे जगप्रसिद्ध ग्रंथालय. वापरण्याआधी ते ‘इम्पोर्ट नमपाय अ‍ॅज एनपी’ अशा ओळीने आत बोलवावं लागतं. ती ओळ उदाहरणात नव्हती. का नव्हती? तर नमपायच्या स्वतःच्या मदतमजकुरात सुरुवातीलाच तसं सांगून ठेवलेलं आहे: आतल्या उदाहरणांत नमपाय हे एनपी या नावाने आणलेलं आहे असं धरलेलं आहे. म्हणजे नियम आहे, लिखित आहे, पहिल्या पानावर आहे. फक्त माणूस पहिलं पान वाचून सरासरी शोधायला जात नाही. तो थेट सरासरीच्या पानावर उतरतो. एसटीत बसलेल्याने आगारात लावलेली सूचना वाचलेली असेल, असं समजण्यातला हा प्रकार.

मग हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाला फोन जातो. असा संवाद महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे चालू असतो.

“दादा, ते एनपी म्हणजे काय असतं?”

“नमपाय रे. वर इम्पोर्टची ओळ टाक.”

“ती तर तिथं नाहीच.”

“नसतेच ती. धरून चालायचं असतं.”

“कुणी?”

दादा या प्रश्नावर खोकतो. थोड्या वेळाने पुन्हा फोन.

“टाकली ओळ. आता मॉड्यूल सापडंना म्हणायलंय.”

“इन्स्टॉल केलंस का?”

“ते बी लिहिलेलं नव्हतं.”

“अरे बाळा, ते कुणी लिहितं का? पिप इन्स्टॉल नमपाय कर.”

“केलं. सिंटॅक्स एरर मारायलंय.”

कारण त्याने ती आज्ञा पायथनच्याच खिडकीत टाइप केली. ती काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर द्यायची असते. तिथे दिली तर विंडोज म्हणतं, ‘पिप’ नावाची आज्ञा आम्ही ओळखत नाही. आता याचं मूळ आणखी मागे आहे. पायथन बसवताना पहिल्या पडद्यावर तळाशी एक छोटा चौकोन असतो, ‘पाथ’मध्ये नोंद करायची का असं विचारणारा. त्यात आपोआप टिचकी मारलेली नसते. मुलाने ‘इन्स्टॉल नाऊ’ या मोठ्या बटणाकडे पाहिलं, तळाच्या चौकोनाकडे नाही. कोण पाहतं? अशा रीतीने दोन ओळींच्या उदाहरणाच्या मागे चार पायऱ्यांची विहीर निघाली, आणि प्रत्येक पायरी कुणीतरी ‘ही तर ठाऊकच असेल’ म्हणून गाळलेली होती. मोसंबीची सरासरी तोवर आईने बोटांवर काढून सांगितली होती.

निदान इथे संगणकाने भांडण तरी केलं. खरी फसगत होते ती जिथे तो भांडत नाही तिथे.

माहितीपुस्तिकांच्या लेखकांचं आवडतं चिन्ह म्हणजे ओळीने तीन टिंबं. ‘इथे तुमचा मजकूर घाला’ असा त्याचा अर्थ. सी भाषेत भलत्या जागी ती टिंबं ठेवली तर कंपायलर लगेच हरकत घेतो. जावास्क्रिप्टही बहुधा कुरकुरते. पायथन ३ मात्र ती टिंबं आनंदाने घेते, कारण त्या भाषेत तीन टिंबं ही चक्क एक वैध वस्तू आहे. तिला नाव आहे, इलिप्सिस. ती कुठेही ठेवता येते, अगदी फंक्शनच्या पोटातसुद्धा. तेव्हा नवख्याने पुस्तिकेतलं फंक्शन टिंबांसकट उतरवलं, चालवलं, तर काहीच चूक येत नाही. काही घडतही नाही. उत्तर छापायला सांगितलं तर ‘नन’ म्हणजे ‘काही नाही’ असं उत्तर छापून येतं. मुलगा तासभर विचार करतो की आपलं चुकलं कुठे, आणि त्याचं चुकलेलं काहीच नसतं. पुस्तिकेने त्याला रिकामं पोतं दिलेलं असतं आणि पायथनने त्याचं वजन करून पावती दिलेली असते.

यावर कडी म्हणजे, ही तीन टिंबं खरी की खोटी असं पायथनला विचारलं, तर ती सरळ ‘ट्रू’ असं उत्तर देते. शून्य खोटं, रिकामी यादी खोटी, पण तीन टिंबं सत्य. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना यावर एक परिसंवाद घेता येईल.

टिंबांचा प्रवास इथेच संपत नाही. क्लासच्या नोट्स वर्ड फाइलीत बनतात, पीडीएफ होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वर्डला तीन सुटी टिंबं आवडत नाहीत. तो त्यांचं एकच अखंड अक्षर करतो. सरळ अवतरणचिन्हंही तो वळवून सुबक करतो. छापायला छान. पण पायथनला ती वळलेली चिन्हं ओळखू येत नाहीत आणि ती ‘अवैध अक्षर’ म्हणून बोट ठेवते. मुलगा त्या अक्षराकडे बघतो. त्याला ते अवतरणचिन्हच दिसतं. आजूबाजूच्या सगळ्यांना ते अवतरणचिन्हच दिसतं. फक्त संगणकाला दिसत नाही, आणि या वादात शेवटचा शब्द नेमका त्याचाच असतो.

टिंबांपेक्षा धीट लेखक ‘युवर नेम’ लिहितात. वेबवर पायथन शिकवणाऱ्या एका अतिशय लोकप्रिय ठिकाणी पहिल्याच धड्यात ‘सी ड्राइव्ह, युजर्स, युवर नेम’ असा पत्ता दाखवलेला आहे. ज्याला इंग्रजी आणि संगणक दोन्ही येतात, तो हसून आपलं नाव घालतो. पण नवख्या माणसापुढे पेच असा की, ‘युजर्स’ हा शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि ‘युवर नेम’ मात्र बदलायचा, हे त्याला कशावरून कळावं? दोन्ही शब्द इंग्रजी, दोन्ही एकाच ओळीत, एकाच रंगात. शिवाय जुन्या लॅपटॉपवर खात्याचं नाव मुलाचं नसतंच. पहिल्या मालकाने ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘एचपी’ ठेवलेलं असतं. स्वतःचं नाव घातलं तरी फोल्डर सापडत नाही.

काही लेखक सुज्ञपणे असे बदलायचे शब्द कोनी कंसात घालतात. पुस्तकात ते ठळक दिसतं. पण लिनक्सच्या खिडकीत कोनी कंसाला स्वतःचा अर्थ असतो: माल फाइलीतून आत घ्या, माल फाइलीत बाहेर टाका. गिटने प्रकल्प उतरवून घेण्याची आज्ञा कोनी कंसांसकट टाइप केली, तर बॅश, म्हणजे त्या खिडकीतला आज्ञा ऐकणारा, म्हणतो, ‘न्यूलाइन’ या अनपेक्षित चिन्हाजवळ व्याकरणाची चूक आहे. न्यूलाइन म्हणजे एंटरची कळ. म्हणजे बिचाऱ्याने आज्ञा लिहिली आणि एंटर दाबलं, तर संगणक म्हणतो, एंटर अनपेक्षित होतं. मग अपेक्षित काय होतं? नमस्कार?

डॉलरचीही तीच गोष्ट. पुस्तिकांत आज्ञेच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं. ते लिहायचं नसतं. तिथे संगणक तुमची वाट बघतोय एवढंच त्यातून सुचवायचं असतं. पायथनचे तीन बाणही तसेच. पण ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही तो प्रामाणिकपणे डॉलर टाइप करतो, आणि बॅश तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो की डॉलर नावाची आज्ञा सापडली नाही. या क्षेत्रात नक्कल जितकी चोख, तितकी चूक पक्की. आपल्याकडे शाळेत फळ्यावरचं टिंबाटिंबासह उतरवून घेण्याला शाबासकी मिळते. तीच सवय इथे अंगाशी येते.

याचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली आलं. ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणारा त्यातला पहिला प्रोग्रॅम हा संगणकविश्वातला सगळ्यात गाजलेला नमुना. त्या दोघांना नवख्याची अडचण पुरेपूर ठाऊक होती. प्रोग्रॅम कुठेतरी लिहिणं, तो कंपाइल करणं, चालवणं आणि उत्तर कुठे उमटलं ते शोधणं हाच पहिला मोठा अडथळा आहे, असं त्यांनी तिथेच म्हणून ठेवलं. प्रोग्रॅम त्या काळापुरता पूर्ण होता. फक्त ‘स्टडआयओ’ची इन्क्लूड ओळ त्यात नव्हती, कारण तेव्हा तिच्याशिवाय चालायचं. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली. आणि २०२४मध्ये आलेल्या जीसीसी कंपायलरच्या १४व्या आवृत्तीने अशा गाळलेल्या घोषणांना थेट चूक ठरवलं. तेव्हा १९७८च्या पुस्तकातला तो प्रोग्रॅम आज नवख्याने नव्या जीसीसीवर जसाच्या तसा टाइप केला, तर जगाला नमस्कार करण्याआधीच तो आडवा होतो. नमुना पूर्ण असून भागत नाही. तो कोणत्या सालचा, हेही वर लिहावं लागतं.

महाराष्ट्रात या बाबतीत एक पिढी सुखी होती. तिच्याकडे टर्बो सीचा निळा पडदा होता आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ होतं. पूर्ण प्रोग्रॅम छापायचा, ‘मेन’पासून शेवटच्या महिरपी कंसापर्यंत, अशी त्या पुस्तकाची पद्धत. टाइप करा, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबा, चाललं. निळा पडदाही सगळ्यांचा तोच, त्यामुळे जालन्याच्या पॉलिटेक्निकात जे चालायचं ते पुण्यातही चालायचं. पण सुखाचीही सवय वाईट. सुरुवातीला ‘कोनिओ डॉट एच’, मग ‘क्लिअरस्क्रीन’, शेवटी ‘गेटच’ हे तीन मंत्र प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लिहायचेच, असं मुलांच्या मनावर बसलं. कशासाठी, असं कुणी विचारलं नाही. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी का, असं कुणी विचारतं? हीच मुलं पुढे लिनक्सवर गेली तेव्हा जीसीसीने सांगितलं की ‘कोनिओ डॉट एच’ नावाची फाइलच नाही. ते सी भाषेचं अंग नव्हतंच, ती डॉस आणि बोरलँड कंपनीच्या घरची व्यवस्था होती. कुणी ते सांगायचं राहून गेलं.

ग्राफिक्सच्या तासाला तर परवडच. वर्तुळ काढायचं उदाहरण पाठ. त्यात ‘सी कोलन, टीसी, बीजीआय’ असा पत्ता. कॉलेजच्या संगणकावर टर्बो सी दुसऱ्याच फोल्डरात बसवलेलं. मग वर्तुळाऐवजी ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड, इनिटग्राफ वापरा’ अशी सूचना उमटायची. इनिटग्राफ तर वापरलेलंच असायचं! सर यायचे, काहीतरी खुडबुड करायचे, वर्तुळ निघायचं, सर जायचे. काय केलं हे गुपित सरांबरोबर निवृत्त झालं.

आणि जर्नल. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला किंवा डिप्लोमाला प्रोग्रॅम हाताने वहीत उतरवायचा आणि खाली पेन्सिलीने ‘आउटपुट’ लिहायचं. ज्या प्रोग्रॅमला कधी वीज लागली नाही, त्याचंही उत्तर बरोबर असायचं. अर्धवट उदाहरणाचा बंदोबस्त करण्याची ही अस्सल देशी युक्ती: चालवायचंच नाही.

डेटाबेस शिकणाऱ्यांची तऱ्हा निराळी. ओरॅकलच्या शिकवणीत स्कॉट हा युजर आणि टायगर हा पासवर्ड. हा स्कॉट म्हणजे ओरॅकलच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी ब्रूस स्कॉट, आणि टायगर म्हणजे त्याच्या घरचं मांजर. त्याच्या ‘एम्प’ या तक्त्यात स्मिथ नावाचा कारकून आहे, पगार ८००. किंग हा प्रमुख, पगार ५०००. महाराष्ट्रातल्या लाखभर मुलांना सख्ख्या मामाचा पगार ठाऊक नसेल, पण स्मिथचा ठाऊक आहे. पंचाईत अशी की, पुस्तक सरळ ‘एम्पमधून सगळं काढा’ इथून सुरू होतं. घरी नव्याने ओरॅकल बसवलेला मुलगा तसं लिहितो, तर उत्तर येतं: असा तक्ताच नाही. तो तक्ता वेगळा भरून घ्यावा लागतो, किंवा स्कॉटचं खातं कुलूपबंद असतं ते उघडावं लागतं. मुलाला वाटतं स्मिथने नोकरी सोडली.

मग हे लेखक असं का करतात? दुष्टपणा नाही. जागा वाचवायची असते, वाचणाऱ्याचं लक्ष मुद्द्यावर राहावं अशी इच्छा असते. जाणकार माणसाला पूर्ण उदाहरणाचा खरंच कंटाळा येतो. त्याला तीच इम्पोर्टची ओळ शंभराव्यांदा बघवत नाही. शिक्षणशास्त्रात यावर काम झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या विद्यार्थ्यांवर दाखवलं की, नवख्याला गणितं सोडवायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर तो लवकर शिकतो. पुढच्या संशोधनात याची दुसरी बाजूही पुढे आली: जाणकाराला तीच सविस्तर उदाहरणं अडचणीची होतात. उपाय म्हणून सुचवलेला क्रम सोपा आहे. आधी पूर्ण उदाहरण, मग एक पायरी गाळलेलं, मग दोन गाळलेलं. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका हा क्रम उलटा लावतात. पहिल्या पानावर सगळं गाळलेलं, आणि पूर्ण प्रोग्रॅम कुठल्यातरी परिशिष्टात, तोही जुन्या आवृत्तीचा.

‘अर्धवट दिलं की मुलं डोकं चालवतात’ असं म्हणणारे एक गुरुजी प्रत्येक चर्चेत असतात. त्यांच्या बाजूने फार मोठा साक्षीदार आहे. कुंभकोणमच्या रामानुजनच्या हाती १९०३च्या सुमाराला कार यांचा एक ग्रंथ पडला. त्यात हजारो सिद्धांत होते आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्या. त्याने त्या स्वतः शोधल्या आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. हा दाखला बिनतोड आहे. फक्त तोच ग्रंथ त्या काळी आणखी कितीतरी मुलांच्या हाती पडला असणार, आणि त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. रामानुजन तालुक्याला एक निघत नाही. अभ्यासक्रम बाकीच्यांसाठी असतो.

आणि गाळण्याचा हा दोष फक्त पुस्तिकेतल्या चार ओळींपुरता नाही. ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख ज्युपिटर वह्या गोळा केल्या. या वह्यांत प्रोग्रॅम, उत्तर आणि स्पष्टीकरण एकाच जागी असतं, म्हणजे खरं तर नमुन्याचा आदर्शच. त्यांतल्या ज्या चालवून पाहता आल्या त्यांपैकी २४ टक्के विनाचूक चालल्या. मूळ लेखकाला मिळालं तेच उत्तर फक्त ४ टक्के वह्यांनी दिलं. यांतली बहुतेक प्रत्येक वही लिहिणाऱ्याच्या यंत्रावर एकदा तरी चाललेली असणार. आपल्याकडच्या पेन्सिलीच्या आउटपुटला हसण्याआधी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

या रोगावर औषधं निघाली आहेत, ती प्रोग्रॅमर मंडळींनी स्वतःवरच्या अविश्वासातून काढली आहेत. पायथनमध्ये २००१पासून ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे, टिम पीटर्स यांनी केलेली. माहितीमजकुरातली उदाहरणं ती खरोखर चालवून बघते आणि खाली लिहिलेलं उत्तर येतं का ते तपासते. आर भाषेत सीआरएएन या भांडारात पॅकेज ठेवायचं तर त्यातली उदाहरणं तपासणीत चालावी लागतात. अर्थात ‘हे चालवू नका’ अशी खूण करून उदाहरण तपासणीतून वगळण्याची पळवाटही आहे, आणि पळवाट असली की तिच्यावर वर्दळ असतेच.

रस्ट भाषेची तोड सगळ्यांत मजेदार. तिथे उदाहरण पूर्णच लिहायचं, पण कंटाळवाण्या ओळींच्या आधी ‘#’ ही खूण करायची. त्या ओळी तपासताना चालतात, वाचताना मात्र दिसत नाहीत. लेखक खूश, यंत्र खूश, जाणकार खूश. नवखा? त्याने उदाहरण हाताने बघून उतरवलं, तर दडवलेल्या ओळी गेल्याच. रस्टच्या अधिकृत पुस्तकात उदाहरणाच्या कोपऱ्यात डोळ्याचं एक बारीक चित्र असतं, ते दाबलं की लपलेल्या ओळी दिसतात. तो डोळा कशासाठी आहे, हेही अर्थात कळून घ्यायचं असतं.

या सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत शहाणं काम मुंबईत झालं आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सी, पायथन, लिनक्स यांसारखे विषय दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींतून शिकवतो, आणि मराठीतूनही. पहिल्या मिनिटातच सांगितलं जातं की आम्ही अमुक आवृत्तीचं उबंटू आणि अमुक आवृत्तीचं सॉफ्टवेअर वापरत आहोत आणि तुम्हाला आधी हे-हे यायला हवं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण वरच्या फोनवरचं अर्धं संभाषण या दोन वाक्यांत वाचलं असतं. चित्रफीत थांबवायची, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, जुळलं की पुढे जायचं, अशी शिकण्याची रीत. आणि संहिता तज्ज्ञाकडे जाण्याआधी तिची तपासणी एका नवख्याकडून होते. त्या विषयातलं काहीच न येणारा माणूस बसवायचा आणि तो कुठे अडतो ते बघायचं. जिथे तो अडेल तिथे संहिता चुकली, तो नाही.

ही एक जागा भरायला आपल्याकडे उमेदवारांची वानवा नाही. तरी बहुतेक कंपन्यांत पुस्तिका तपासतो तो ज्याने ती लिहिली त्याच्या शेजारचा इंजिनिअर, आणि दोघांच्याही यंत्रांवर सगळं आधीच बसवलेलं असतं.

हल्ली मुलं दादाला फोन न करता चॅटबॉटला विचारतात. तो न खोकता उत्तर देतो, रात्री दोन वाजताही देतो, इम्पोर्टची ओळही बहुधा घालतो. पण प्रोग्रॅम लांबला की मध्येच ‘बाकीचा कोड आधीसारखाच’ अशी एक ओळ टाकून मोकळा होतो. शेवटी तो शिकला कुणाकडून? याच पुस्तिकांकडून.

तेव्हा मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या, नोट्स काढणाऱ्या, चित्रफिती बनवणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच: उदाहरणाच्या वर आवृत्ती लिहा, इम्पोर्टची ओळ लिहा, कोणत्या खिडकीत टाइप करायचं ते लिहा, नावात काय बदलायचं आणि काय नाही ते लिहा, आणि खाली काय उमटायला हवं तेही लिहा. जागा कमी पडत असेल तर प्रस्तावना कापा. ती तशीही कुणी वाचत नाही.